टिळकवाडीतील चार रविवार: मनोयुद्ध आणि संज्ञापनशास्त्र यांचा अभ्यासवर्ग

टिळकवाडीतील एका वाचनालयाने भरवलेल्या मनोयुद्धाच्या, म्हणजे शस्त्राऐवजी शब्दांनी शत्रूचे मन वळवण्याच्या वा खचवण्याच्या तंत्राच्या, अभ्यासवर्गाला मी ओळीने चारही रविवार हजर होते. सकाळी १० ते १२.३० ही वेळ, शुल्क ४०० रुपये, आणि त्यातच चहा व टिपणांच्या झेरॉक्स प्रती. बेळगाव शहरातली मंडळी तर होतीच, पण खानापूर आणि निपाणीहून सकाळची एसटी पकडून आलेलेही काही जण होते. मी गेली १४ वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना संज्ञापन (कम्युनिकेशन) शिकवते, त्यामुळे इथे मला नवे काय मिळणार, अशी शंका मनात धरूनच मी नाव नोंदवले होते. ती पहिल्याच रविवारी फिटली.

‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो?’ हे अमेरिकन अभ्यासक हॅरॉल्ड लासवेल यांचे १९४८ सालचे सूत्र मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहिते आणि ते जणू भूमितीतले प्रमेय असावे तसे शिकवते. व्याख्यात्यांनी ते सूत्र उलट्या दिशेने उलगडले. लासवेल यांचा पहिला मोठा अभ्यास १९२७ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा विषयच पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्र हा होता. शत्रूच्या सैन्यावर फुग्यांतून पत्रके टाकणारे लॉर्ड नॉर्थक्लिफ यांचे ब्रिटिश खाते आणि अमेरिकेत १९१७ साली स्थापन झालेली जॉर्ज क्रील यांची सरकारी प्रचार समिती, हे त्या काळातले असे दोन उद्योग. दुसऱ्या महायुद्धात तर लासवेल स्वतःच अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात युद्धकालीन संज्ञापनाचा अभ्यास करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. हा क्रम समजल्यावर ‘कोणत्या परिणामासह’ हा सूत्रातला शेवटचा प्रश्न मला वेगळाच ऐकू येऊ लागला, कारण बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याकडून काहीतरी करवून घ्यायचे आहे, हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे.

दुसरा रविवार सर्वांत उत्तम झाला. दोस्त राष्ट्रांनी १९४४-४५ मध्ये जर्मन सैनिकांवर टाकलेल्या अभयपत्राची, म्हणजे शरण येणाऱ्याला जिवाची हमी देणाऱ्या पत्रकाची, प्रत हातोहात फिरवण्यात आली. भोवती सरकारी दस्तऐवजासारखी नक्षी, जर्मन आणि इंग्रजी भाषांतला मजकूर, खाली दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची सही. आणि हे पत्र दाखवणाऱ्या सैनिकाचे शस्त्र काढून घ्यावे, त्याला नीट वागवावे, अन्न व औषधोपचार द्यावेत आणि लवकरात लवकर धोक्याच्या जागेपासून दूर न्यावे, असा आपल्याच सैनिकांना हुकूम. पत्रात ना शिवीगाळ होती ना तत्त्वज्ञान. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत ज्याला कौल (अभयाचे लेखी वचन) म्हणतात, त्याच जातीचा हा कागद आहे, असे मला प्रत हातात घेताच वाटले. माझ्या शेजारी खानापूरचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. त्यांनी प्रत उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ‘‘सर, ज्याला वाचायला येत नाही, त्याला हे वाचून कोण दाखवणार?’’

अख्ख्या अभ्यासवर्गातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न होता आणि व्याख्यात्यांनी त्याला पुरेपूर न्याय दिला. एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी जर्मन सैन्याचा अभ्यास करून १९४८ साली असे दाखवले, की सैनिक लढत राहतो तो मुख्यतः आपल्या तुकडीतल्या सोबत्यांमुळे; ती तुकडी शाबूत असेपर्यंत राजकीय आवाहन करणाऱ्या पत्रकांचा फारसा परिणाम होत नाही आणि ती मोडली की अभयपत्र कामाला येते. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातील एका जिल्ह्यात १९४० सालच्या निवडणुकीत मतदारांचा जो अभ्यास केला, त्यातही रेडिओ आणि वृत्तपत्रांतला मजकूर बहुतेकांपर्यंत ओळखीच्या, विश्वासातल्या माणसाच्या तोंडून पोचतो, असेच आढळले. एक अभ्यास रणांगणाचा, दुसरा मतपेटीचा, पण दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे. सीमाभागात मोर्चाच्या किंवा बंदच्या आदल्या रात्री आवई कशी पसरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यासाठी वेगळा पुरावा नको. मोबाइलवरचा संदेश कोणी लिहिला हे कुणीच पाहत नाही, तो कोणत्या मेव्हण्याने पाठवला हे मात्र सगळे पाहतात.

मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या प्रयोगांसाठी दिलेला अर्धा तासही सार्थकी लागला. अमेरिकन सैनिकांना दाखवलेल्या प्रचारपटांनी त्यांची माहिती वाढली, पण लढण्याची इच्छा जवळजवळ होती तेवढीच राहिली. आणि ज्यांचे मत मुळात विरुद्ध होते त्यांना केवळ आपली बाजू सांगण्यापेक्षा दोन्ही बाजू सांगणे अधिक परिणामकारक ठरले.

तिसऱ्या रविवारी मात्र घडी विस्कटली. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा १९४८ सालचा संज्ञापनाचा गणिती सिद्धांत थेट मनोयुद्धाच्या खात्यावर जमा करण्यात आला, हे मला पटले नाही. युद्धकाळात शॅनन बेल प्रयोगशाळेत गुप्तलेखनावर काम करत होते हे खरे, पण त्यांचा सिद्धांत संकेत बिनचूक पोचवण्याचा आहे आणि अर्थाचा प्रश्न त्यांनी स्वतःच त्यातून बाजूला ठेवला होता. सगळेच युद्धातून आले असे म्हणत गेले, की लासवेल यांच्याबाबतीतला खरा मुद्दाही पातळ होतो.

कौटिल्याची बोळवण तर दहा मिनिटांत झाली. त्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाच्या तेराव्या अधिकरणाच्या (भागाच्या) आरंभी उपजापाचा, म्हणजे शत्रूच्या माणसांना फितवण्याचा, विषय येतो. राजा सर्वज्ञ आहे आणि देव त्याच्याशी बोलतात असे पसरवून स्वपक्षाला हुरूप आणावा व परपक्षाला हादरवावे, त्यासाठी मूर्तीखालच्या भुयारातून हेरांनी बोलावे, आणि ही ख्याती ज्योतिषी, मुहूर्त सांगणारे आणि पुराणिक यांच्या तोंडून पसरवावी, असे तिथे सांगितले आहे. शब्द कोणाच्या तोंडून जावा याची ही निवडच लाझर्सफेल्ड यांच्या शेजारी ठेवून शिकवायला हवी होती.

याहून मोठी उणीव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, तिथे आजच्या इराकमधील कुत-अल-अमाराचा उल्लेखही झाला नाही. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी त्या गावात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला होता. आत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठा अशी चिथावणी देणारी, भारतीय भाषांत छापलेली पत्रके तुर्क आतल्या हिंदी शिपायांपर्यंत पोचवत होते. सुभेदारांच्या प्रश्नाला याहून जवळचे उदाहरण कोणते असणार?

टिपणांच्या काही प्रती इतक्या फिकट होत्या, की तक्ते वाचताच येईनात, आणि पडद्यावरचा बराचसा मजकूर इंग्रजीत होता. तरीही पत्रकारितेचे विद्यार्थी, शिक्षक आणि माजी सैनिक यांनी ४०० रुपये आणि चार सकाळी जरूर द्याव्यात. पुढच्या वेळी चौथा रविवार कुतला द्यावा आणि टिपणे कन्नडमध्येही काढावीत, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. मागच्या रांगेतल्या कन्नड शाळांत शिकलेल्या दोन मुली चारही दिवस माझ्याकडून शब्दांचे अर्थ विचारून घेत होत्या.