कोरड्या रंगाची जाडी मोजणारे गेज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोलादी स्तंभ, पाइपांचे आधार आणि साठवणुकीच्या टाक्या यांवरील संरक्षक रंग तपासणे हे माझे रोजचे काम असून, त्यासाठी वायरने जोडलेल्या वेगळ्या प्रोबचे (पृष्ठभागावर टेकवायच्या संवेदकाचे) एक डिजिटल डीएफटी गेज, म्हणजे कोरड्या रंगाच्या थराची जाडी मोजणारे यंत्र, मी आठ महिन्यांपूर्वी घेतले. यंत्राविषयी माझी फारशी तक्रार नाही. मात्र पहिले दोन महिने मी ते चुकीच्या पद्धतीने वापरत होतो आणि त्या काळातही पडद्यावरचा प्रत्येक आकडा निर्दोषच दिसत होता, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

गेजसोबत एक गुळगुळीत, न रंगवलेली पोलादी पट्टी आणि ठरावीक जाडीच्या प्लास्टिकच्या काही फॉइल येतात. पट्टीवर शून्य लावायचे, फॉइल ठेवून वरचा आकडा जुळवायचा आणि कामाला लागायचे, अशी मी समजूत करून घेतली होती. परंतु ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे कठीण कणांचा जोरदार मारा करून साफ केलेल्या, पोलादावर सूक्ष्म शिखरे आणि दऱ्या असतात. प्रोबच्या चुंबकीय क्षेत्राला पोलाद जिथून सुरू झाल्यासारखे भासते, ती पातळी शिखरांच्या टोकांवर नसून त्यांच्या खाली असते. त्यामुळे शिखरांवर प्रत्यक्ष जेवढा रंग असतो त्यापेक्षा आकडा जास्त येतो, आणि थर अपुरा असेल तर गंजाचे ठिपके याच शिखरांवर आधी दिसतात. आयएसओ १९८४० या मानकात यासाठी वजावट दिलेली आहे: गेज गुळगुळीत पट्टीवर जुळवलेले असेल, तर पृष्ठभागाचा खडबडीतपणा बारीक असल्यास १०, मध्यम असल्यास २५ आणि जाड असल्यास ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वजा करावे लागतात. एकूण २४० मायक्रॉनच्या रंगप्रणालीत २५ मायक्रॉनचा फरक सहज नजरेआड होतो. पण ६० मायक्रॉनच्या झिंक इपॉक्सी प्रायमरवर ६८ हा आकडा पाहून मी निर्धास्त होत असे, तिथे वजावटीनंतर ४३ मायक्रॉनच उरत होते. त्याच मानकानुसार कोणतेही एक मोजमाप ठरलेल्या जाडीच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे इथे ४८ मायक्रॉनखाली, चालत नाही.

ही चूक उघड झाली तीही योगायोगानेच. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या तपासनिसाचे गेज आणि माझे गेज एकाच तुळईवर टेकवले असता दोघांत २० मायक्रॉनहून अधिक फरक आला, कारण त्यांनी आपले गेज त्याच कामातल्या, ब्लास्ट केलेल्या पण न रंगवलेल्या तुकड्यावर जुळवले होते. मी जुन्या नोंदी काढल्या आणि ज्या दोन आधारांवर पुढचा थर चढलेला नव्हता, तिथे प्रायमरचा थर वाढवून घेतला. आता असा एक तुकडा मी तेलकट कागदात गुंडाळून पेटीतच ठेवतो. अर्थात, गेज अशा तुकड्यावर जुळवले की पुन्हा वजावट करायची नसते. नाहीतर चांगले काम विनाकारण नापास होते.

कडांच्या बाबतीत गेजवर विसंबून राहणे मी पूर्णपणे सोडले आहे. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथला थर पातळ राहतो; दुसरीकडे, कडेजवळ प्रोबखालचे पोलाद कमी पडल्याने यंत्र जाडी वाढवून सांगते. म्हणजे रंग सर्वांत कमी जिथे, तिथेच आकडा फुगलेला. बारीक व्यासाच्या नळ्यांवरही हाच प्रकार होतो, म्हणून नळीसाठी त्याच व्यासाच्या उघड्या तुकड्यावर शून्य लावतो. कडा, वेल्ड आणि बोल्ट यांसाठी मात्र कडा घासून गोल केल्या आहेत का आणि ब्रशने स्ट्राइप कोट, म्हणजे फक्त अशा जागांवरचा जादा थर, दिला आहे का, हे काम चालू असताना डोळ्यांनीच पाहावे लागते. रंगाऱ्यांना हे तपासणे आवडत नाही, हे ओघाने आलेच.

न वाळलेल्या मऊ रंगात प्रोबचे टोक रुतते आणि आकडा कमी येतो. यावर साधा उपाय असा, की रंगावर माहीत असलेल्या जाडीची फॉइल ठेवून मोजावे आणि तिची जाडी वजा करावी.

यंत्राच्या टिकाऊपणाविषयी थोडे. पाचव्या महिन्यात शून्याच्या पट्टीवर ४-५ मायक्रॉन दिसू लागले. टोकाला ब्लास्टिंगची धूळ आणि झिंकचा चुरा चिकटलेला होता, तो पुसताच आकडा जागेवर आला. तेव्हापासून सकाळी, दुपारी आणि काम संपताना अशी तीनदा पडताळणी करतो, कारण केवळ सकाळीच तपासले तर दिवसभरातली नेमकी कोणती मोजमापे बिघडली ते कळायला मार्ग राहत नाही. सोबतच्या फॉइलपैकी एकीला घडी पडल्याने ती बाद केली. गेज मोजमापांची सरासरी आपोआप काढते, ही सोय चांगली असली तरी ती फसवीही आहे. ३५० आणि १५० यांची सरासरी २५० येते आणि २४० च्या अटीत सुखाने बसते, म्हणून मी आधी किमान आकडा पाहतो.

एक गोष्ट खरेदी करणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. रंगाखाली मिठाचे अंश राहिले आहेत का, ब्लास्टिंग एसए २½ दर्जाचे (म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण स्वच्छ करणारे) झाले होते का, रंग लावताना पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त होते का, यांपैकी काहीही हे यंत्र सांगत नाही. मिलस्केलवर, म्हणजे पोलाद तापवून लाटताना त्यावर बसणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यावर, लावलेला रंगही ते निमूटपणे २४० मायक्रॉन दाखवते.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच मॉडेल घेईन, फक्त या खेपेस सरळ प्रोबऐवजी काटकोनी प्रोब मागवीन. तुळईच्या दोन फ्लँजांमधील (वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांमधील) अरुंद जागेत सरळ प्रोब पृष्ठभागाला लंब ठेवणे मला आठ महिन्यांत एकदाही नीट जमलेले नाही.