बर्माच्या आघाडीवरील भारतीय हवाई दल : सोलापुरातून वापरलेली अभिलेखसाधने आणि काही महिन्यांनंतरचे मत

दुसऱ्या महायुद्धातील भारतीय हवाई दलाच्या कामगिरीचे मूळ कागद सोलापुरात बसून किती मिळतात आणि मिळालेल्या कागदांवर कितपत विसंबावे, हे मी गेले काही महिने प्रत्यक्ष वापरून पाहत आहे. निमित्त बार्शीकडच्या एका परिचित कुटुंबाचे होते. त्यांचे आजोबा युद्धकाळात हवाई दलात फिटर होते. घरात त्यांचा सेवाक्रमांक असलेला एक विरलेला कागद आणि ‘ते बर्मात होते’ एवढे ऐकीव ज्ञान, याखेरीज काही शिल्लक नव्हते. माझे मत आधीच सांगतो. एखाद्या स्क्वाड्रनने (हवाई दलाच्या विमानांच्या तुकडीने) अमुक दिवशी काय केले हे शोधण्यासाठी आज उपलब्ध असलेली साधने उत्तम आहेत. त्या स्क्वाड्रनमधील एका साध्या तंत्रज्ञाने काय केले हे शोधण्यासाठी तीच साधने तोकडी पडतात. आणि १९६५ किंवा १९७१ च्या युद्धाचा असाच तपशील हवा असेल, तर त्या तोडीची सोय अजून झालेली नाही.

सर्वाधिक वापर झाला तो ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘एअर २७’ या मालिकेचा. या मालिकेत ब्रिटिश हवाई दलाच्या आणि ब्रिटिश हुकमतीखाली लढलेल्या इतर दलांच्या स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुके, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदवह्या, आहेत, आणि त्यांची छायाचित्रित पाने संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. नोंदी दोन नमुन्यांवर केल्या जात. फॉर्म ५४० मध्ये त्या दिवसाचा सारांश असतो : तळ कुठे हलला, कोण रुजू झाले, कोणता वरिष्ठ अधिकारी पाहणीला आला, हवामान कसे होते. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद असते, आणि तिचे स्वरूप एस.टी. आगारातल्या फेऱ्यांच्या नोंदीसारखे असते : गाडीऐवजी विमानाचा क्रमांक, चालक-वाहकाऐवजी वैमानिक आणि त्याचा साथीदार, सुटण्याची व परतण्याची वेळ, आणि शेवटी कामाचा तपशील. बहुतेक ठिकाणी एका महिन्याचे हे दोन नमुने दोन वेगळ्या फायलींत आहेत. नवा वाचक एकच फाईल उघडतो आणि ‘उड्डाणांची माहितीच नाही’ असा निष्कर्ष काढतो. म्हणून दोन्ही फायली जोडीनेच घ्याव्यात.

शोध घेताना क्रमांकांचा घोळ ध्यानात ठेवावा लागतो. युद्ध संपले तेव्हा भारतीय हवाई दलाच्या नऊ स्क्वाड्रन होत्या, १ ते ४ आणि ६ ते १०. पाचव्या क्रमांकाची भारतीय स्क्वाड्रन तेव्हा नव्हतीच. मात्र ब्रिटिश हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन त्याच काळात भारतात होती आणि बर्माच्या आघाडीवर लढत होती. पहिल्या क्रमांकाचे उलट आहे : ब्रिटिशांची पहिली स्क्वाड्रन ब्रिटनमध्ये होती, तर भारतीय पहिली स्क्वाड्रन १९४२ मध्ये लायसँडर विमाने घेऊन बर्मात आणि १९४४ मध्ये हरिकेन ही लढाऊ विमाने घेऊन इंफाळला होती. केवळ आकडा टाकून शोधणाऱ्याच्या हाती त्यामुळे भलत्याच देशाची, भलत्याच आकाशाची कहाणी लागू शकते.

या पुस्तकांचे खरे मोल दोन शेजारी स्क्वाड्रनची पाने एकमेकांसमोर ठेवल्यावर कळते. १९४२ च्या आरंभी बर्मात भारतीय पहिल्या स्क्वाड्रनच्या जोडीला ब्रिटिशांची २८ वी स्क्वाड्रनही लायसँडरच उडवत होती. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांनी त्या फेब्रुवारीत, मूळची पाहणी व लष्करी समन्वयासाठी असलेली ही विमाने बाँबफेकीला वापरून थायलंडमधील जपानी तळावर जो हल्ला केला, त्याची गोष्ट आज अनेक ठिकाणी सापडते, परंतु प्रत्येक ठिकाणी तपशील थोडा फुगलेला असतो. अशा वेळी त्याच आठवड्यातील शेजाऱ्यांच्या नोंदी, आणि सोबतीला बफेलो ही लढाऊ विमाने देणाऱ्या ६७ व्या स्क्वाड्रनच्या नोंदी पाहिल्या, की गोष्टीतला कोणता भाग कागदावर टिकतो आणि कोणता नंतर चिकटला हे निवडता येते. १९४२ ची माघार हा मात्र कागदांच्या दृष्टीने वाईट काळ आहे. पळापळीत वह्या मागे राहिल्या, काही पुढे आठवणीवरून लिहून काढल्या गेल्या. त्या महिन्यांतील त्रोटक पानावरून ‘त्या दिवशी काहीच घडले नाही’ असे म्हणणे धाडसाचे होईल. याउलट १९४४ च्या मार्च ते जुलै या इंफाळच्या लढाईच्या काळात, अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या स्क्वाड्रनचे काम मुख्यतः टेहळणीचे असल्यामुळे, शत्रूच्या हालचालींचे अहवाल हेच त्या उड्डाणांचे फलित होते, आणि म्हणून नोंदीही भरघोस अपेक्षाव्यात.

आता तक्रार. या पानांत वैमानिक नावानिशी भेटतो. त्याचे विमान रात्रभर जागून उडण्याजोगे करणारे फिटर, रिगर (विमानाचा सांगाडा सांभाळणारे) आणि आर्मरर (शस्त्रे व बाँब सांभाळणारे) जवळजवळ अनामिक राहतात. त्यांचे नाव येते ते बदली, अपघात, आजार किंवा क्वचित शिक्षा या निमित्तानेच, आणि तेही ५४० मध्ये. बार्शीच्या आजोबांसाठी एवढेच साधले, की त्यांच्या स्क्वाड्रनचा तळ महिन्यागणिक कुठे होता याचा तक्ता कुटुंबाच्या हाती देता आला. काही मंडळींना हे फार थोडे वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण ‘बर्मात होते’ या दोन शब्दांपुढे हा मोठाच पल्ला आहे.

स्क्वाड्रनच्या वर चढत जायचे असेल तर ग्रुपसाठी (अनेक स्क्वाड्रन मिळून होणाऱ्या दलासाठी) ‘एअर २५’, स्टेशनसाठी, म्हणजे हवाई तळासाठी, ‘एअर २८’ आणि समुद्रापारच्या कमांडच्या पत्रव्यवहारासाठी ‘एअर २३’ या मालिका आहेत. इंफाळच्या बाजूला २२१ ग्रुप आणि आराकानच्या, म्हणजे बर्माच्या पश्चिम किनाऱ्याच्या, बाजूला २२४ ग्रुप ही विभागणी लक्षात ठेवली, तर निम्मे श्रम वाचतात. मात्र या मालिकांतील बरेच कागद लंडनजवळच्या क्यू येथे जाऊनच पाहावे लागतात, त्यामुळे सोलापूरच्या वाचकासाठी त्यांची सूची वाचणे एवढाच उपयोग उरतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचे) कागदही महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर तेथील ऑनलाइन सेवा दीर्घकाळ विस्कळीत राहिल्या.

मृतांच्या माहितीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची विनामूल्य आहे आणि वापरायला सर्वांत सोपी आहे. परंतु सोपेपणातच धोका आहे. या सूचीत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांची नोंद होते. तो मृत्यू लढाईतला असो, प्रशिक्षणातील अपघाताचा असो किंवा हिवतापाचा असो. म्हणून सूचीत नाव आढळले की ‘लढाईत वीरमरण’ असे लिहून टाकण्याची जी सवय स्मरणिकांत दिसते, ती सोडायला हवी. दुसरी गोष्ट हिंदू आणि शीख जवानांची. त्यांचे दहन झाल्यामुळे त्यांची कबर नसते. रंगूनजवळच्या तौक्यान येथे अशांसाठी वेगळे स्मारक आहे. ज्या हवाई सैनिकांचा पत्ताच लागला नाही, त्यांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. नाव कोणत्या स्मारकावर आहे यावरूनच त्या माणसाचे शेवटी काय झाले याचा पहिला अंदाज येतो. सोलापूरकरांनी पुण्याला गेल्यावर खडकीची युद्ध स्मशानभूमी एकदा या दृष्टीने पाहावी. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येते.

लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्राची शोधसेवा शौर्यपदकांपुरती चांगली आहे. तिच्यातील तारीख ही पदक जाहीर झाल्याची असते, कामगिरीची नव्हे, आणि दोन्हींमध्ये काही महिन्यांचे अंतर असू शकते. एवढे पथ्य पाळले की काम भागते.

ज्या साधनाकडून मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती ते जपानचे. जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या छत्राखाली २००१ पासून चालणारे आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्र तेथील लष्कराचे व नौदलाचे हजारो कागद छायाचित्रांसह विनामूल्य दाखवते. शीर्षके इंग्रजीतही शोधता येतात, आतला मजकूर मात्र जुन्या वळणाच्या हस्ताक्षरातील जपानी असतो आणि यंत्राकडून केलेले भाषांतर तेथे हात टेकते. शरणागतीच्या वेळी, ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानी लष्कराने आपले कागद मोठ्या प्रमाणावर जाळले, त्यामुळे उणिवा आहेतच. तरीही दोन्ही बाजूंचे दावे समोरासमोर ठेवण्याला पर्याय नाही, कारण हवेतल्या लढाईत पाडलेल्या विमानांचे आकडे दोन्हीकडे वाढीव असतात; एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या तर तिघेही प्रामाणिकपणे ते आपल्या खात्यावर लिहितात. शत्रूची स्वतःच्या नुकसानीची नोंद हीच त्यावरची कसोटी होय. येथे वेळेचे गणित जमवावे लागते. जपानी सैन्य बर्मातही टोकियोची वेळ पाळत असे, आणि भारताची प्रमाणवेळ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात एक तास पुढे नेलेली होती. भारतीय वेळेने सकाळी ९ वाजता झालेली चकमक जपानी अहवालात साडेअकराला दिसते, आणि हे ठाऊक नसलेला अभ्यासक एका लढाईच्या दोन लढाया करून बसतो.

गावांच्या नावांसाठी टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले जुने अमेरिकन लष्करी नकाशे उपयोगी पडले. आजच्या नकाशावर अक्याब हे जुने नाव सापडत नाही, सित्वे सापडते.

भारतातील साधनांकडे वळतो. महायुद्धाचा अधिकृत इतिहास भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त विभागाने बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली तयार केला, आणि त्यातील हवाई दलाचा खंड १९६१ मध्ये निघाला. तो आधी वाचून मगच मूळ कागदांकडे जावे; कारण घटनांचा सांगाडा पाठ असल्याशिवाय ५४० ची पाने नुसती नावांची रांग वाटतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ युद्धकाळातील सरकारी धोरण, भरती आणि खात्यांचा पत्रव्यवहार यांसाठी पाहण्याजोगे आहे. रोजच्या उड्डाणांचा शोध तेथे सुरू करू नये. सोलापुरातील जुन्या वाचनालयांत त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली मिळाल्या तर भरतीच्या जाहिराती आवर्जून पाहाव्यात. बातम्यांवर भारत संरक्षण नियमांखालील बंधने होती, पण जाहिरातीत कोणत्या कारागिराला किती पगार देऊ केला होता हे उघड छापले जाई, आणि गिरण्यांच्या या शहरातल्या फिटरला हवाई दल का खुणावत असेल याचा विचार तेथून सुरू करता येतो.

१९४७ नंतरचा प्रश्न कायद्याचा आहे. सरकारी कागदांच्या जतनाचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागद साधारणपणे २५ वर्षांत खुले व्हावेत. धोरण स्वागतार्ह आहे, परंतु बर्माच्या स्क्वाड्रनची पाने जशी घरबसल्या उघडतात तशी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील, जम्मूच्या सीमेवरील छांब किंवा ढाक्याच्या तेजगाव विमानतळावरील उड्डाणांची अजून उघडत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज हा उपाय अनेकजण सुचवतात. त्या कायद्याच्या कलम ८(३) मध्ये वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याची तरतूद आहे खरी, पण देशाच्या सुरक्षेशी निगडित अपवाद वीस वर्षांनंतरही कायम राहतो, आणि युद्धाच्या कागदांवर नेमका तोच अपवाद लागू होऊ शकतो. १९७१ साठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले कागद विनामूल्य वाचता येतात. त्यांत वॉशिंग्टनची मनःस्थिती कळते, वैमानिकाची नाही.

या पोकळीत वैमानिकांच्या लॉगबुकांचे मोल वाढते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक आणि कालावधी त्यात असतो, आणि महिन्याच्या गोषवाऱ्यावर वरिष्ठाची सही असते. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट या पट्ट्यात निवृत्त हवाई सैनिकांची घरे आहेत. जिथे असे पुस्तक सापडेल तिथे त्याचे प्रत्येक पान, कोरे पान आणि आतील पुठ्ठाही धरून, उजेडात नीट टिपून घ्यावे आणि मूळ पुस्तक घरीच राहू द्यावे. तंत्रज्ञांजवळ लॉगबुक नसते. त्यांच्याकडे प्रशिक्षणाच्या वह्या, बदलीचे आदेश, प्रवासाचे वॉरंट आणि पाठीमागे ठिकाण लिहिलेली सामूहिक छायाचित्रे असतात. बार्शीच्या कुटुंबाला आता मी तीच ट्रंक पुन्हा उघडायला सांगितली आहे, आणि तळांचा तक्ता शेजारी ठेवून छायाचित्रांच्या पाठी वाचायच्या आहेत.