बंदुकीचं केबल लॉक: काय जमतं, काय जमत नाही

प्लास्टिकचं आवरण असलेली सुमारे १५ इंच लांब पोलादी तार आणि तिची दोन्ही टोकं अडकवणारं छोटं कुलूप, एवढाच केबल लॉकचा पसारा. तरी ट्रिगर लॉकपेक्षा, म्हणजे ट्रिगरवरच बसवायच्या कुलपापेक्षा, आमची पसंती यालाच. हे लावायचं तर आधी बंदूक उघडावीच लागते, म्हणजे आत काडतूस आहे का ते पाहता येतं. ट्रिगर लॉक भरलेल्या बंदुकीवरही बसतं. बसवताना त्याचा दांडा ट्रिगरला लागला तर बार उडतो, आणि सैल बसलेलं असेल तर नुसतं हलवल्यानेही ट्रिगर दाबला जाऊ शकतो.

लावताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर हवं. मॅगझिन (काडतुसांचा डबा) आधी काढायचं, त्यानंतरच बोल्ट किंवा स्लाइड (नळीचं मागचं तोंड उघडणारा-मिटवणारा सरकता भाग) मागे ओढायची. हा क्रम उलटला की चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतलं) काडतूस बाहेर पडतं खरं, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत शिरतं. ‘रिकाम्या’ बंदुकीतून गोळी सुटते ती अनेकदा अशीच. म्हणून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपाही. मग पिस्तुलात तार काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढा. काढता येणारं मॅगझिन असलेल्या बोल्ट रायफललाही हीच पद्धत. रिव्हॉल्वरचं सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) बाहेर काढून फ्रेमच्या मोकळ्या चौकटीतून तार ओवली की ते बंदच होत नाही. कुलूप लागल्यावर बोल्ट हलकेच पुढे ढकलून पाहा. बंद झाला तर तार चुकीची गेली आहे.

दुनळीला मात्र हे लॉक तोकडं पडतं. नळीतून ओवायला १५ इंच तार पुरत नाही. जास्त लांबीची तार घ्या, नाहीतर नळ्या सुट्या करून वेगळ्या कुलपात ठेवा.

चोरापुढे याचा टिकाव लागत नाही, बोल्ट कटरने (जाड धातू कापायच्या मोठ्या कात्रीने) तार तुटते. लहान मुलांचे आणि पाहुण्यांचे हात दूर ठेवणं हे त्याचं काम, आणि तेही किल्ली कुणाच्या हाती लागत नसेल तरच. काडतुसांना दुसरी पेटी आणि दुसरी किल्ली हवीच. एकाच कंपनीची दोन लॉक घेतलीत तर एकाची किल्ली दुसऱ्याला लागते का, तेही तपासा.

शिकारीच्या वाटेवर गाडीत हे लॉक उत्तम. काढल्यावर काडतूस भरण्याआधी चेंबरच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. चिखल किंवा बर्फ अडकला असेल तर बार काढताना नळी फुटू शकते. पुढे चालताना लॉकचा उपयोग नाही. कुंपण ओलांडताना किंवा मचाणावर चढताना बंदूक रिकामी करावीच लागते, कारण सेफ्टीचा खटकाही निकामी होऊ शकतो.

परतल्यावर ओल्या बंदुकीला लॉक लावून ती तशीच फोमच्या पेटीत कोंबू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि गंज चढतो. आधी पुसून कोरडी करा, नळीतून तेलाचा बोळा फिरवा, मग तार ओवा.