इंग्लिश सुधारायला सिटकॉम पाहू की गाणी ऐकू?

मामेबहीण विचारून राहिली होती, दादा क्लासची फी परवडत नाही, तर सिटकॉम म्हणजे इंग्लिश विनोदी सिरीयल पाहू का गाणी ऐकू.

खर्चाचं म्हणाल तर गाणी फुकटच, यूट्यूबवर शब्दांसकट मिळतात. 'फ्रेंड्स'सारख्या सिटकॉमला ओटीटीचे पैसे लागते, घरात कोणाचं असेल तर प्रश्नच मिटला.

ग्रामरसाठी मात्र गाण्यांवर भरवसा नको बाप्पा! रोलिंग स्टोन्स या बँडचं 1965 चं 'आय कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन' घ्या, एकाच वाक्यात दोनदा नकार, गाण्यात खपून जाते पण पेपरात लिहिलं तर मार्क गेले. सिटकॉममध्ये माणसं भांडतात, प्रश्न विचारतात, माफी मागतात, त्यामुळे 'डू' कुठे आणि 'डज' कुठे हे पाठ न करताच कानात बसत जाते. फक्त सबटायटल इंग्लिशच लावायचे, हिंदी लावले की नुसती गोष्ट पाहणं होते, शिकणं नाही. मेहनतही आहे, साधारण 22 मिनिटांचा एपिसोड थांबवून थांबवून पाहिला की तास जाते.

शब्द लक्षात राहायला गाणी भारी, चाल डोक्यात बसली की ओळ सुटत नाही. शिवाय नागपुरात खापरी ते सीताबर्डी मेट्रोत उभ्या उभ्या होऊन जाते (सोबत गुणगुणू नका, लोक पाहतात).

तर इंटरव्ह्यू असेल, बोलताना अडखळायला होत असेल तर सिटकॉम. वेळच नाही, उच्चार आणि शब्द वाढवायचेत तर गाणी. आणि एमपीएससीचा पेपर असेल तर दोन्ही बंद कर अन् ग्रामरचं पुस्तक काढ.