कफ असिस्ट मशीन: आठ महिने रोज वापरल्यावर

नाव इंग्रजी खोकल्यावरून आलंय, पण मराठी कानाला ते 'कफ काढायला मदत करणारं' असंच ऐकू येतं, आणि कामही तेच आहे. पॉम्पे, एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी), लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी अशा आजारांत श्वासाचे आणि पोटाचे स्नायू दुबळे होत गेले की खोकला येतो, पण त्यात जोर नसतो. हे मशीन मास्कमधून छातीत हवा भरतं आणि भरल्या क्षणी ती उलट ओढून घेतं. त्या झटक्यासरशी कफ वर सरकतो. घशात किंवा तोंडात आलेला कफ थुंकायचा किंवा सक्शनने काढायचा हे मात्र आपलं आपण. मशीन तो गिळून टाकत नाही.

ते लागतं का, हे पीक फ्लो मीटरला (बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग मोजणारं साधन) मास्क लावून, त्यात जोरात खोकून कळतं. आकडा मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते. १६० च्या खाली गेला तर एरवीही कफ निघणं कठीण.

सेटिंग डॉक्टर किंवा थेरपिस्टनेच ठरवायचं. सुरुवात बहुधा अधिक-उणे १५ ते २० सेंमी पाण्याच्या दाबाने होते (अधिक म्हणजे भरण्याचा दाब, उणे म्हणजे ओढण्याचा). मोठ्या माणसात हळूहळू ४० च्या आसपास न्यावं लागतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथेच होते: पहिल्या दिवसाचं सेटिंग महिनोन् महिने तसंच राहतं, नुसता वारा लागतो आणि 'मशीनचा उपयोग नाही' असा शिक्का बसतो. भरणं २-३ सेकंद, ओढणं २-३ सेकंद, मध्ये १-२ सेकंद थांबा. असे ५ श्वास म्हणजे एक फेरी. फेरी झाली की मास्क काढून कफ पुसायचा, अर्धा-एक मिनिट नेहमीचा श्वास घेऊ द्यायचा, मग पुढची. एकूण ४-५ फेऱ्या. घाई केली की चक्कर येते. वेळ जेवणाआधीची. जेवण झालं असेल तर निदान तास-दीड तास जाऊ द्या.

ऑटो की ट्रिगर? ऑटोमध्ये मशीन ठरवलेल्या वेळेनुसार आपोआप चालतं. ट्रिगरमध्ये रुग्णाने श्वास ओढायला घेतला की मशीन सुरू होतं. ऐकायला छान, पण श्वास अगदीच क्षीण असेल तर ते ओळखतच नाही, आणि रुग्ण वाट बघत दमतो. अशा वेळी ऑटो बरं.

यश-अपयश निम्मं मास्कवर आहे. नाकाच्या हाडापाशी किंवा दाढीतून हवा सुटली की छाती भरत नाही. पडद्यावरचा आकडा बघण्यापेक्षा छातीकडे बघा: भरताना बरगड्या स्पष्ट वर आल्या पाहिजेत. मास्क एका हाताने दाबण्यापेक्षा दोन्ही अंगठे वर आणि बाकीची बोटं जबड्याखाली अशी पकड जास्त टिकते.

दुसरा माणूस असेल तर पोटावरचा दाब जोडा. तळवा बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर. भरणं संपून ओढणं सुरू होताना मशीनचा आवाज बदलतो, तो क्षण पकडून आत आणि वर ढकलायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तरी फायदा जातो. पोटात नळी असेल किंवा स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झाली असतील तर आधी विचारा.

घशाचे स्नायूही दुबळे असतील तर वेगळाच घोळ होतो. ओढताना घसा मिटतो, खोकल्याचा आवाज मध्येच तुटतो, कफ येत नाही. इथे दाब वाढवून उलटाच परिणाम होतो. दाब उतरवून, हवा संथ आणि जास्त वेळ भरून बघतात. पोट फुगत असेल तरी बहुतेक वेळा हाच उपाय.

सर्दीच्या दिवसांत ऑक्सिमीटर जवळ ठेवा. नेहमी ९५ च्या वर असणारा आकडा खाली आला तर आधी कफ काढायचा, आणि नुसता ऑक्सिजन लावून गप्प बसायचं नाही. त्याने आकडा सुधारतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. आकडा वर येत नसेल तर दवाखाना. छातीत अचानक दुखणं, थुंकीत रक्त, किंवा पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा इतिहास असेल तर मशीन बंद ठेवून डॉक्टरांना विचारा.

देखभालीत खरी भानगड एकच, मशीन आणि नळीच्या मध्ये बसणारा फिल्टर. नळी आणि मास्क साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचे. फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. तो ओला झाला की दाब चढत नाही आणि सगळे मशीनला दोष देतात.

शेवटी वीज. मशीनला बॅटरी नसेल तर एकेरी व्हॉल्व्ह लावलेली अँबू बॅग (हाताने दाबून हवा भरायची पिशवी) जवळ हवी: श्वास न सोडता दोन-तीन वेळा हवा भरायची आणि मग पोटाला आधार देऊन खोकायचं. या बॅगेतून श्वास बाहेर पडत नाही, म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत 'कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी वापरू नये' असं लिहून चिकटवा.