‘आय रिलीफ अनलिमिटेड’ आणि माझे ६६,०९७ रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढं लाजत बसायला नको. १४,२५०, मग १,८५०, मग २४,९९९ आणि परत २४,९९९. बंदुकीची दुर्बीण विकतो म्हणणाऱ्या भामट्याला ‘टेस्टिंग’ म्हणून मी पाठवलेला १ रुपया त्यात मिळवा, त्यानं मला परत पाठवलेले २ रुपये वजा करा. ६६,०९७ रुपये. यंदाच्या काजूचे सगळे पैसे, वर गणपतीसाठी बायकोनं बाजूला ठेवलेले.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पट्ट्यात. घरात .३१५ बोअरची ईशापूरची रायफल आहे. आप्पांची. आप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाले. त्यांच्या माघारी रीतसर अर्ज करून लायसन्स माझ्या नावावर आलं. भाताला दाणा भरला की रानडुकरं उतरतात, तेव्हा हवेत एक बार काढायचा, बस्स. शिकारीचा विषय कुणी काढू नका, त्या वाटेला आम्ही जात नाही. वर्षातून तीन-चारदा रेंजवर जाऊन कागदावर गोळ्या मारायच्या, एवढाच माझा शौक. दारू नाही, तंबाखू नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला, ‘तुला बंदुकीवर दुर्बीण कशाला पाहिजे होती?’ जणू गुन्हा मी केलाय.

तर कशाला पाहिजे होती ते ऐका. माझं वय ४७. उघड्या साइटवर डोळ्याला एकाच वेळी तीन ठिकाणी बघावं लागतं, मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं निशाण. पंचविशीत डोळा हे सहज सांभाळून घेतो. चाळिशीनंतर मागची खाच धुक्यात जाते आणि मग माशीही तिच्या मागं जाते. पन्नास मीटरवर माझ्या गोळ्या वीतभर पसरायला लागल्या. आप्पा असते तर बोलून बोलून जीव घेतला असता.

बेळगावात मी जिथनं काडतुसं घेतो त्या दुकानातल्या मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पीप साइट बसव. बारीक भोकातनं बघायचं आणि माशी निशाणावर ठेवायची. भोकाच्या मधोमध डोळा आपला आपण येतो. नाहीतर चार पटीची साधी दुर्बीण घे.’ शिवाय बजावलं की या रायफलीवर दुर्बीण चढवायची तर वर बेस लागतो, त्यासाठी भोकं पाडून आटे काढावे लागतात, आणि ते काम लायसन्सवाल्या कारागिराकडूनच झालं पाहिजे. दुर्बीण फार उंच बसली तर गाल लाकडावरनं सुटतो, ते वेगळंच. सगळं खरं होतं. पण मला पाहिजे होतं सगळ्याला चालणारं एकच. रेंजवरही तेच, दुपारीही तेच, कातरवेळीही तेच.

२२ ऑगस्ट २०२४ ला मोबाइलवर जाहिरात दिसली. ४-१६x५०, म्हणजे चार ते सोळा पट आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, लाल-हिरवा उजेड देणारी रेटिकल (आतली निशाणाची फुली), नामांकित अमेरिकन कंपनीची, ‘आर्मी पर्सन, ट्रान्सफरमुळं अर्जंट विकणे’, २८,५०० रुपये. नवी घ्यायची तर याच्या कितीतरी पट.

इथंच खरं तर एक भागाकार करायला पाहिजे होता. ५० ला १६ नं भागा, तीन मिलिमीटर. एवढाच उजेडाचा ठिपका डोळ्याला मिळतो. कातरवेळी डोळ्याची बाहुली त्याहून मोठी उघडलेली असते, म्हणजे चित्र काळपटच दिसणार. ४० ची काच आणि चार पट घ्या, दहा मिलिमीटर येतात, डोळ्याला पुरून उरतात. चार पटीत शंभर यार्डांवर साधारण तीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो, सोळा पटीत सात-आठ फूट. आमच्या झाडीत पन्नास पावलांपलीकडं काही दिसत नाही, तिथं सोळा पट घेऊन मी काय मुंगीचे पाय मोजणार होतो? पण आकडा मोठा दिसला की माणूस येडा होतो. मोबाइलचा कॅमेरा घेतानाही आपण हेच करतो.

फोन केला. बोलणं असं मिठास की काय सांगू. ‘मराठा लाईट इन्फंट्री, सर. बेलगाम में था, अभी जम्मू पोस्टिंग आया.’ रेजिमेंटचं सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे, आमच्याकडं गावागावात घरटी एक फौजी. ते नाव ऐकल्यावर माझा अर्धा संशय तिथंच मेला. त्यानं ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, वर्दीतला फोटो सगळं न मागता पाठवलं. न मागता! आप्पांनी आपलं कॅन्टीन कार्ड शेजाऱ्यालाही कधी हातात दिलं नाही, आणि हा बाबा अनोळखी माणसाला फोटो काढून पाठवतोय. असं कार्ड कुणी पाठवलं की तिथल्या तिथं फोन ठेवा.

आता तो क्षण. गेले कितीतरी महिने रात्री झोप मोडते ती यावरच.

मी विचारलं, ‘आय रिलीफ कितना है?’ डोळा आणि मागची काच यांच्यातलं अंतर. .३१५ चा धक्का सोसायचा तर हे अंतर तीन-साडेतीन इंच तरी पाहिजे, नाहीतर बार उडाला की दुर्बिणीची कड भुवईत घुसते. टाके पडलेली माणसं मी रेंजवर बघितलीत. हा सेकंदभर थांबला आणि म्हणाला, ‘अनलिमिटेड, सर.’

अनलिमिटेड! दुर्बिणीला अनलिमिटेड आय रिलीफ नसतो हो. तो रेड डॉटला, म्हणजे नुसता लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटला असतो, तिथं मोठं करून दाखवणं नसतंच, डोळा कुठंही ठेवला तरी चालतो. सोळा पटीच्या दुर्बिणीला जो माणूस अनलिमिटेड म्हणतो, त्यानं ती कधी खांद्याला लावलेली नाही. हे मला तेव्हा माहीत होतं, नंतर वाचलेलं नाही. आणि मी काय केलं? मी त्याला सुधारलं! ‘नहीं नहीं, साडेतीन इंच होगा.’ ‘हां सर, वही, साडे तीन इंच.’ मनात म्हटलं, फौजी आहे, दुकानदार थोडाच आहे, शब्द चुकला असेल. शब्द चुकला असेल! मास्तरानं उत्तर सांगायचं आणि पोरानं पाटीवर लिहायचं, तसला प्रकार.

बायको भाकऱ्या थापत होती. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, ‘अहो, मराठा रेजिमेंटचा आणि मराठी एक शब्द येत नाही?’ मी तिच्यावर खेकसलो. अधिकारी देशभरातनं येतात, तुला काय कळतंय, वगैरे. ते वाक्य ती अजून सणावाराला काढते.

२४ तारखेला अर्धे पैसे, १४,२५०, पाठवले. तासाभरानं ‘आर्मी कुरिअर’चे १,८५०, ‘रिफंडेबल’. रिफंडेबल हा शब्द जिथं येईल तिथं ते पैसे गेले म्हणून समजा.

३१ ला पार्सल आलं. हातात घेतल्या घेतल्या कळलं. पुढची काच आरशासारखी लाल चकाकणारी. असला लाल मुलामा उजेड आत सोडण्याऐवजी बाहेरच परतवतो. खऱ्या दुर्बिणीचा टरेट, म्हणजे फुली सरकवायची घुंडी, फिरवला की टिक टिक वाजतो, कोनाच्या पाव मिनिटाची एक टिक, शंभर मीटरवर सात मिलिमीटर. याचा टरेट बाटलीच्या झाकणासारखा गुळगुळीत फिरत होता. डोकं हलवलं की फुली निशाणावरनं पोहत निघायची. आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन भरलेली, असं सांगितलेली ती वस्तू रात्री पडवीच्या कठड्यावर ठेवली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, सकाळी काचेच्या आतून घाम. मुलांच्या छर्ऱ्याच्या खेळण्यावर लावतात तसलं काहीतरी होतं ते.

इथं थांबलो असतो तर १६,१०० वर भागलं असतं. पण मला राग आला, आणि रागात माणूस फोन करतो. रविवार, १ सप्टेंबर, संध्याकाळ. त्यानं माफी काय मागितली! स्टोअरमध्ये पार्सल बदललं, युनिटचे अकाउंटंट साहेब सगळे पैसे परत करतील, आधी १ रुपया टाकून बघा. टाकला. २ आले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. क्यूआर आला, स्कॅन केला, पिन टाकली. २४,९९९ गेले. ‘सर्व्हर एरर, सर. फिर से कीजिए, दोनों साथ में आएंगे.’ परत केलं. लाइट गेलेली, शंभर माणसांची ये-जा, मखराचं काम अर्धं, पोरगा पुठ्ठा कापायला हाका मारत होता. कारणं देतोय, माहीत आहे मला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मीच गावात चार म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं होतं.

तीन दिवस कुणाला बोललो नाही. लाजेनं. हे तीन दिवस सगळ्यात महागात पडले. १९३० हा सायबर फसवणूक कळवायचा नंबर आत्ताच्या आत्ता मोबाइलमध्ये घाला. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात. मी बुधवारी फोन केला तेव्हा ते चार खाती ओलांडून गेलेले.

मग सुरू झाली वारी. बँकेत रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं, तीन कामाच्या दिवसांत कळवलंय म्हटलं. काउंटरवरच्या मॅडमनी न बघताच सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकली, मग कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कागदावर तेही बरोबर आहे, काय बोलणार. पण बोलण्याची काही रीत असते की नाही? मॅनेजर साहेब जेवायला गेले होते. साडेतीनपर्यंत जेवत होते.

एका ठाण्यात गेलो. मराठीत लिहून नेलेला अर्ज वरच्या दोन ओळी बघून परत ढकलला. ‘कन्नडदाग बरकोंड बर्री.’ मला कन्नड बोलता येतं, बाजार-तहसील सगळं कन्नडात करतो मी, पण अर्ज लिहिण्याइतकं येत नाही. १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या हेच ऐकतायत. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाला १५० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी कन्नड अर्ज नेला तर म्हणाले हे सायबरचं काम, तिकडं जा. तिकडं म्हणाले आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. मी म्हटलं, साहेब, १ जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलम १७३, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते. ‘वकील आहेस का?’ नाही म्हटल्यावर बाकावर बसवलं. दोन तास. शेजारी मोबाइल हरवलेलं एक कॉलेजचं पोरगं, ते तर सकाळपासून बसलेलं.

आणि कळस ऐका. चोराचा नंबर, खातं, स्क्रीनशॉट सगळं माझ्या फाइलमध्ये असताना यांनी तपास सुरू केला तो माझ्या रायफलीचा. लायसन्स दाखव. काडतुसं किती घेतलीस, किती उडवलीस, रिकामी कुठं आहेत. लोकसभेच्या वेळी हीच रायफल मी स्वतः नेऊन जमा केली होती, पावती आहे माझ्याकडं, परत मिळाली तेव्हा नळीला गंज चढला होता त्याचं कुणाला काही नाही. तीन खेपा, प्रत्येक खेपेला एक दिवस आणि एसटीचं भाडं. शेवटी एक पोचपावती मिळाली, तीवर माझं आडनाव चुकीचं. त्यानंतर आजतागायत एकही फोन नाही.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर ज्या दुकानातनं काडतुसं घेता तिथंच घ्या, दुकानाच्या दारात उभं राहून संध्याकाळच्या उजेडात बघा, टरेट फिरवून बघा, डोकं हलवून बघा. मी शेवटी पीपच बसवली. मामा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात भाच्यानं त्याच्या मोबाइलवर जाहिरात दाखवली. फोटो तोच, टेबलावरचं फुलाफुलांचं कापडही तेच. साहेबांची रेजिमेंट बदललीय आणि भाव ३१,००० झालाय. खाली माहितीत एक ओळ नवीन आहे, माझ्या वेळी नव्हती: ‘आय रिलीफ साडेतीन इंच’.