उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ' : खुनाच्या गोष्टीत मुरलेलं तत्त्वज्ञान

सरळच सांगते, ही कादंबरी घ्या. पण नुसतं मर्डर मिस्ट्री म्हणून घेणार असाल तर पहिल्या शंभर पानांतच हात टेकाल, आणि मला खरंच वाईट वाटेल कारण खरी मजा त्याच्या पुढे आहे. 1327 साल, उत्तर इटलीतल्या डोंगरावरचा एक मठ, सात दिवस, एकामागून एक मरणारे भिक्षू आणि तपासाला लागलेला विल्यम ऑफ बास्करव्हिल नावाचा फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातला भिक्षू. गोष्ट सांगतोय त्याचा शिष्य आद्सो, तोही पार म्हातारा झाल्यावर. खुनी कोण ते नाही सांगणार, बिनधास्त वाचा.

एको मूळचा तत्त्वज्ञानाचा माणूस. तोरिनो युनिव्हर्सिटीत मध्ययुगातला तत्त्वज्ञ थॉमस अॅक्वायनस याच्या सौंदर्यविचारावर प्रबंध केला, पुढे बोलोन्यात चिन्हशास्त्र (खुणा आणि चिन्हांतून अर्थ कसा लागतो त्याचा अभ्यास) शिकवलं, आणि 1980 मध्ये ही पहिली कादंबरी आली तेव्हा त्याचं वय 48. असे लेखक बरेचदा एखाद्या पात्राला उभं करून त्याच्या तोंडून लेक्चर देतात. इथेही लेक्चरं आहेत, नाही असं नाही, पण खरा विचार गोष्ट ज्या पद्धतीने पुढे सरकते त्यात आहे.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. दोघं मठाकडे चढतायत, समोरून माणसं शोधाशोध करत येतात, आणि कुणी काही विचारायच्या आत विल्यम सांगतो की मठाधिपतींचा घोडा हरवलाय, तो अमुक वाटेने गेलाय, दिसायला असा आणि नाव ब्रुनेलस. मग आद्सोला उलगडून सांगतो : बर्फात खुरांचे ठसे, ठराविक उंचीवर मोडलेल्या डहाळ्या, काट्यांना अडकलेले काळे केस, आणि नाव? तर त्या काळात भारी घोडा म्हटला की पंडितांच्या तोंडी तेच नाव यायचं. ही युक्ती फ्रेंच लेखक व्होल्तेरच्या 'झादिग' या गोष्टीतून उचललीय आणि बास्करव्हिल म्हटल्यावर शेरलॉक होम्सची 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' आठवतेच, पण एको तिथे थांबत नाही, तो त्यात अमेरिकन तत्त्वज्ञ पर्सचा विचार घालतो की खुणेवरून कारणापर्यंत जाणं म्हणजे शेवटी अंदाजच, आणि घोडा डोळ्यांनी दिसेपर्यंत तो अंदाजच राहतो. पुढची सगळी कादंबरी या एका शंकेवर उभी आहे. शेरलॉक कधी डगमगत नाही, विल्यम डगमगतो. तो रॉजर बेकन या तत्त्वज्ञाला गुरू मानतो, ऑकमचा विल्यम या दुसऱ्या तत्त्वज्ञाचा मित्र आहे, म्हणजे डोळ्यांनी बघा आणि उगाच जास्त कारणं मानू नका या पठडीतला. आणि शेवटी कळवळून जे बोलतो त्यात, शिडी वापरून झाली की फेकून द्यायची, हे वाक्य जुन्या जर्मनमध्ये येतं, ते खरं विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञ व्हिटगेन्स्टाइनचं, 1921 च्या पुस्तकातलं! चौदाव्या शतकातल्या भिक्षूच्या तोंडी. ओळखलं नाही तरी अडत नाही, ओळखलं तर अंगावर काटा येतो.

भाषा मात्र जड आहे. चर्चच्या दरवाज्यावरचं कोरीवकाम आद्सो बघतो तेव्हा वाक्य संपायचं नावच घेत नाही, पशू, राक्षस, संत, नुसत्या याद्या, वाचताना दम लागतो, आणि आद्सोला तसंच झालंय म्हणून ते तसं लिहिलंय. प्रकरणं प्रार्थनेच्या प्रहरांनी पाडलीत. सुरुवातीची पानं कापा असं एकोला मित्रांनी आणि संपादकांनी सुचवलं होतं, त्याने ऐकलं नाही, ज्याला मठात राहायचंय त्याने मठाची चाल अंगवळणी पाडावी असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

गोव्यातल्या वाचकाला तर हे पुस्तक जास्तच भिडावं. बेर्नार गी हा इतिहासातला खराखुरा इन्क्विझिटर (चर्चच्या वतीने पाखंडी शोधून खटले चालवणारा) यात आहे, आणि तो मठाच्या कोठाराच्या प्रमुखाची उलटतपासणी घेतो ते प्रकरण मी उठून फेऱ्या मारत वाचलं. प्रश्नच असे की हो म्हटलं तरी दोषी, नाही म्हटलं तरी दोषी, आणि गप्प बसलं तर आणखीच. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनमध्ये 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, हेच चाललं होतं. आणि पुस्तकं कुलुपात ठेवायची, कुणी काय वाचावं ते दुसऱ्याने ठरवायचं, हा कादंबरीचा गाभा. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीला ज्या कृष्णदास शामा या सोळाव्या शतकातल्या लेखकाचं नाव आहे त्याच्या काळातल्या कोकणी-मराठी कथा आज कुठे सापडतात, तर पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या लायब्ररीत, रोमन लिपीत. हे डोक्यात ठेवून वाचा, मठातल्या त्या चक्रव्यूहासारख्या ग्रंथालयाकडे बघायची नजरच बदलते.

खटकलेलं पण सांगते. येशूच्या मालकीचं काही होतं का यावरचा फ्रान्सिस्कन आणि पोपच्या माणसांचा वाद इतिहासात खरा आहे, पण इथे फारच लांबलाय, चाळलात तरी चालेल. अख्ख्या कादंबरीत एकच बाई, गावातली गरीब मुलगी, आणि तिला नावसुद्धा नाही. आद्सोला ते आयुष्यभर सलतं हे मान्य, तरी तिला दोन वाक्यं बोलायला द्यायला हवी होती.

विल्यम वीव्हरचा इंग्लिश अनुवाद (1983) सुरेख आहे. फक्त लॅटिन उतारे तसेच ठेवलेत, ते सोडून पुढे गेलात तरी गोष्ट कळते. एकोने या कादंबरीवर नंतर लिहिलेलं टिपण ज्या आवृत्तीत मागे जोडलंय ती मिळाली तर तीच घ्या, आणि शॉन कॉनरीचा 1986 चा सिनेमा आधी बघू नका, त्यात शेवट बराच बदललाय.